न्हाणीच्या खिडकीतला कप

४ नोव्हेंबर
दुसरा अंक पुन्हा बोंबलला! तीन तास घसा फोडला, उपयोग शून्य. संपतला किती वेळा सांगायचं — पाटलाच्या घरचा चहा पिताना दलित मास्तर खुशीत पाहिजे. त्याचा कप वेगळा ठेवलाय, हे बघणाऱ्याला पहिल्या प्रवेशापासून माहीत. मास्तरला न्हाई. तो जितक्या खुशीत "काय घर आहे हे!" म्हणेल, तितकं बघणाऱ्याला लागायला पाहिजे. मी लिहिलेलं सगळं नाटक त्यावर उभं आहे. आणि हा गडी कप हातात घेतला की कपाकडंच पाहतो!

७ नोव्हेंबर
आज पुन्हा तेच. म्हणालो, "अरे, तुला माहीत न्हाई असं कर ना!" तर म्हणतो, "तेच जमून न्हाई राह्यलं." शाळेपासूनचा दोस्त. माझ्या घरी येता-जाता चहा, वर आपला कप आपण विसळून ठेवणारा शिस्तीचा माणूस — आणि एवढं साधं जमेना! वस्तीतला माणूस घेतला की भूमिका आपोआप उठेल, असं वाटलं होतं. चुकलं माझं.

९ नोव्हेंबर
तालीम न्हाई. डोकं दुखतंय.

१२ नोव्हेंबर
जालन्याची स्पर्धा आठ दिवसांवर. आज सगळ्यांसमोर संपतवर ओरडलो — "मास्तर भोळा आहे! तुला भोळा माणूस कळत न्हाई का?"

तो स्टेजवरून खाली आला. आवाज बिलकुल चढवला न्हाई. "भोळा तू आहेस, कल्याण. तुझ्या घरी माझा कप वेगळा असतो, न्हाणीच्या खिडकीत. दहावीपासून. मी तो विसळतो कारण दुसरं कुणी त्याला हात लावत न्हाई." बाकीचे नट खाली माना घालून उभे. म्हणजे आख्ख्या आष्टी गावाला माहीत!

घरी येऊन वंदनाला विचारलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुम्हाला माहीत न्हाई? लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी दाखवला की." अकरा वर्षं झाली लग्नाला!

न्हाणीत जाऊन पाहिलं. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. मी रोज तिथंच दात घासतो.

लाज वाटते. आईचा राग येतो. त्याहून जास्त संपतचा — इतकी वर्षं बोलला का न्हाई? हे लिहिताना कळतंय की नालायकपणा आहे. तरी येतोच.

१३ नोव्हेंबर
ठरलं. संपत घरी आला की त्याच्यादेखत आईला सांगायचं — आपल्या कपात दे त्याला चहा. कप फोडायचाच! वंदना म्हणाली, "बघू."

१६ नोव्हेंबर
संपत आला. जालन्याची गाडी किती वाजता निघणार, ते विचारायला आल्ता. आईनं चहा आणला. मला स्टीलच्या कपात, त्याला निळ्या फुलांच्या. "काय रे बाबा, दिसला न्हाईस आठ दिवस?" हसून विचारलं तिनं.

संपतनं कप घेतला, पण ओठाला लावला न्हाई. माझ्याकडं पाहत बसला. वंदनाही दारात येऊन थांबली.

मी आईला म्हणालो, "बिस्किटं न्हाईत का गं?"