साठ हातांची सावर

पौड, २५ ऑक्टोबर १९५८

तीर्थरूप आबांस,
बालक हैबतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

जयाचा गणिताचा पेपर मीच तपासला. भोपळा दिला. कोन तिसाचा साठ झाला की उंचीही दुप्पट, असं बाईसाहेबांनी ठोकून दिलंय. पंधरा दिवस घसा कोरडा केला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सख्ख्या बहिणीबद्दल लिहिताना वाईट वाटतं, पण हे डोकं त्रिकोणमितीचं नव्हे. दिवाळीनंतर शाळेतून काढून स्थळं बघावीत.

सुट्टीत येईन तेव्हा गोठ्याजवळची सावर तोडण्याआधी तिची उंची मोजून देतो. आईस दंडवत. कृपादृष्टी राहू द्यावी.

आपला,
हैबत


रिहे, २० नोव्हेंबर १९५८

चि. हैबतराव मास्तरांस,
कोंडाजीचा आशीर्वाद. मी सांगतुया, जया लिवतीय.

सावर मंगळवारी पाडली. शेजारचा आंबा वीस हात, त्याचा शेंडा तिसाच्या कोनात. त्याच जागेवरनं सावरीचा साठाच्या, म्हून सावर चाळीस हात, असं तू मोजून गेलास. गोठा पन्नास हातांवर, भ्यायचं कारन न्हाई, हे साऱ्या आळीसमोर बोललास. भैरूनं कुऱ्हाड चालवली आन् शेंडा गोठ्याच्या पार पल्याड गेला. एक कौल धड ऱ्हायलं न्हाई.

गुरं वाचली. तुझ्यापुढं जया बोलाया भ्याली. तू गाडीत बसल्यावर म्हनली, "आबा, दादाचं चुकलंय. दुप्पट न्हाई, तिप्पट व्हतं. सावर साठ हात भरंल." भोपळा मिळाल्यावर तिनं ते पुन्यांदा बसून शिकून घेतलं म्हनं. मला खरं वाटंना. तिनं मातर सकाळीच गुरांची दावी सोडली.

तुझ्या सांगन्यावरून उद्या स्थळ बघाया निघालो व्हतो. आता तूच सांग, साळंतनं कुनाला काढू?

आई आठवन काढती. गोठा शाकाराया ये.

कोंडाजी


पौड, २५ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप आबांस,
शरमिंद्या हैबतचा नमस्कार.

पत्र वाचून खोलीचं दार लावून घेतलं. सारी आळी बघत होती, कागद-पेन्सिल घ्यायची मास्तराला लाज वाटली. तोंडी हिशेब केला न् फुगून गाडीत बसलो. जयाची चूक निदान कागदावर होती, मी तीच गोठ्यावर पाडली.

काल वर्गात सगळं सांगितलं. पोरं पोट धरून हसली. मग तोच प्रश्न घातला, तर एकानंही दुप्पट लिहिलं नाही. पंधरा दिवसांच्या शिकवण्यानं झालं नाही ते एका सावरीनं केलं.

स्थळवाल्यांना नकार कळवा. शनिवारी कौलं घालायला येतो, रविवारी जयाला घेऊनच परतेन. तिचा भोपळा खोडायला पेपर काढला होता, पण चूक ती चूकच. तिच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि मलाही एक भोपळा दिला.

रागावलात तरी आशीर्वाद असू द्या.

आपला नापास,
हैबत