लागलेलं पाणी बुजवल्याबद्दल

जालना, बुधवार

चि. धर्मराज यास मामाचे आशीर्वाद (शिल्लक होते तेवढे सगळे). तुझी प्रकृती ठीक असणारच; पुण्यात बसून जालन्यात भोकं पाडणाऱ्याला काय धाड भरलीय!

गेल्या उन्हाळ्यात तुझ्या मामीला ऊन लागलं, सलाईन लावावी लागली. तेव्हा तू सांगितलंस की, दोनशे फूट बोअर घेऊन त्यात पाइप सोडायचा, मंग मशीन घरातली उष्णता जमिनीत नेऊन सोडतं. मला पटलं. कूलर रोज दोन हंडे पितो आणि आपल्या नळाला पाणी दहा दिवसांनी येतं. पण आपला प्लॉट वीस बाय तीसचा, आणि बोअरची गाडी काही गल्लीत वळेना. माझं न्हाणीघर पाडलं, तरी वळेना. शेवटी शेजारच्या कमरोद्दीनभाईंनी घण आणून स्वतःच्याच घराचा ओटा फोडला. म्हणाले, "पानी लागलं तर दोन घागरी आमाला बी द्या, बस." (पाणी काढायचंच नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण मिटलं.)

एकशे सत्तर फुटांवर दोन इंची पाणी लागलं! या गल्लीत सहा बोअर कोरडे गेलेले. समोरच्या चतुराबाईंनी नारळ फोडला, घागरींची रांग लागली. तुला फोन केला, तर तू म्हणालास, डिझाइनप्रमाणे पाइप सोडा आणि मातीचा गारा भरून बुजवा. मी बुजवलं. पाणी लागलेला बोअर, जालन्यात, भर मे महिन्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! मला माझीच लाज वाटली, आणि तुझा आलेला राग अजून गेलेला नाही.

खोली गार आहे, बिलकुल गार. तुझी मामी तिथं बसत नाही. "मला हितं घास उतरून न्हाई राह्यला," म्हणते आणि दारात पदरानं वारा घेते. गल्ली माझ्याशी बोलत नाही. कमरोद्दीनभाई मात्र फुटक्या ओट्यावरून रोज सलाम करतात, तेच सहन होत नाही.

तुझा,
अप्पाराव मामा

ता. क. तुझ्या कंपनीच्या कागदावर 'सदर बोअरचे पाणी खारट व पिण्यास अयोग्य होते' असं लिहून, शिक्का मारून जल्दी पाठव. कमरोद्दीनभाईंना दाखवायचंय.

आणखी ता. क. कागद नको पाठवू. पाणी गोड होतं. पहिली ओंजळ त्यांनीच मला पाजली होती.