बोरूच्या काठ्या आणि कार्यवाहांचा राजीनामा

दि. १९ नोव्हेंबर २००६
पिनर, मिडलसेक्स

प्रति,
मा. अध्यक्षा, सौ. अनुराधा पाटणकर,
हॅरो-पिनर मराठी स्नेहमेळा,
पिनर.

विषय: कार्यवाह श्री. दीनानाथ कर्णिक यांचा राजीनामा न स्वीकारणेबाबत.

संदर्भ: १) स्पेन सहल, सप्टेंबर २००६. २) दिवाळी कार्यक्रमात सादर झालेले प्रहसन. ३) कार्यवाहांचे आपणांस दिलेले राजीनामापत्र.

महोदया,

१. मी, शशिकांत खांबेटे, मंडळाचा जुना सभासद असून हाउन्सलो येथे विमानाने जाणाऱ्या मालाच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालो आहे. आजवर मी मंडळाकडे कधीही, कशासाठीही अर्ज केलेला नाही. गणपतीत खुर्च्या लावणे आणि नंतर त्या उचलणे एवढेच माझे काम, आणि त्यात मी समाधानी होतो. प्रस्तुत अर्ज करताना मला संकोच वाटतो. तरी तो शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

२. प्रकरण समजण्यासाठी माझ्या एका छंदाची माहिती देणे भाग आहे. स्पेनमध्ये गावोगावच्या जत्रांत भर दुपारी बाण सोडतात. आपल्याकडच्या दिवाळीतल्या बाणासारखेच, पण त्यांना रंग नसतो, चांदण्या नसतात. कागदाची जाड नळी, तिला सुतळीने बांधलेली बोरूची लांब काठी, वर गेल्यावर आवाज आणि पांढऱ्या धुराचा एक गोळा. बस्स. हे बाण बाटलीत उभे करून पेटवत नाहीत. माणूस काठी दोन बोटांत सैल धरून हात लांब करतो, दुसऱ्या हाताने वात पेटवतो आणि थांबतो. बाण ओढ घेऊ लागला की बोटे उघडायची. आधी सोडला तर खाली पडतो, घट्ट धरला तर हात भाजतो.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी कस्तुरी अलिकांतेला सुट्टीवर गेलो होतो. समुद्राचा कंटाळा आला म्हणून आतल्या एका गावी बसने गेलो, तेव्हा मी हे प्रथम पाहिले. चर्चसमोर एक जाडसर गृहस्थ एकामागून एक बाण सोडत होते आणि गावातल्या बायका कानांवर हात ठेवून हसत होत्या. त्या दिवसापासून मला त्याचे वेड लागले. मी पडलेल्या काठ्या गोळा करू लागलो. प्रत्येक काठीला गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून त्या शेडमध्ये ठेवल्या. अशाच हौशी इंग्रज मंडळींचा एक छोटा क्लब आहे, त्याचा सभासद झालो. या देशात मी एकही बाण पेटवलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण साठी उलटलेला माणूस जळक्या काठ्या जमवतो, हे चारचौघांत सांगण्याची मला लाज वाटत असे. त्यामुळे घरी पाहुणे आले की कस्तुरी "यांना गार्डनिंगची आवड आहे" असे सांगत असे आणि मी मान हलवत असे.

३. मंडळात हा छंद फक्त दीनानाथ यांना ठाऊक होता. सप्टेंबरच्या सहलीला कस्तुरी आली नव्हती. आपण सर्व मंडळी किनाऱ्यावर असताना आम्ही दोघे एके सकाळी गुपचूप त्या गावी गेलो. गावाची जत्रा होती. माझ्या सांगण्यावरून दीनानाथ आले, आणि माझ्याहून अधिक रमले. बाण फुटला की ते लहान मुलासारखे उडी मारत. दुपारी बदामाच्या बागांतून आम्ही पडलेल्या काठ्या वेचल्या. त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळे चिकटली होती. "शशी," ते म्हणाले, "एवढी वर्षं झाली ओळखून, आणि हे मला आत्ता दाखवतोयस होय?"

परत निघताना मात्र त्यांनी मला बजावले होते. "या काठ्या इथेच टाक. ऑगस्टात तो विमानांतल्या बाँबचा कट उघडकीला आल्यापासून विमानतळांवर सगळे कावलेले आहेत. साधी टूथपेस्ट नेऊ देत नाहीत." त्यांचे म्हणणे बरोबर होते. विमानतळाच्या कामात उभी हयात घालवलेल्या मला ते अधिक कळायला हवे होते. मी त्यातल्या चांगल्या काठ्या निवडल्या, टॉवेलात गुंडाळल्या आणि बॅगेत घातल्या.

४. लंडनला उतरल्यावर काय झाले ते आपण आणि सर्वांनीच पाहिले. तरी जे ऐकू आले नसेल, ते नमूद करतो. बॅगा घेऊन आपण रांगेने बाहेर पडत होतो. तेथील तपासणीचा कुत्रा माझ्या बॅगेशी आला आणि शांतपणे खाली बसला. अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली, टॉवेल उलगडला आणि विचारले, हे काय आहे?

मला खरे सांगता आले असते. परंतु मागे सगळी रांग उभी होती. मंडळाची निम्मी समिती होती, ज्यांच्या मुलांना मी लहानपणापासून पाहिले ते आईबाप होते. मी म्हणालो, "टोमॅटोच्या रोपांना आधाराला आहेत." अधिकाऱ्याने काठ्यांवरून एक पट्टी फिरवली, ती यंत्रात घातली. यंत्र वाजले. त्यावर स्फोटक द्रव्याचा अंश निघाला. तो निघणारच होता, बाणाच्या काठ्या होत्या त्या. मग आणखी दोन जण आले. मला पट्टा काढायला सांगितला. मी एका हाताने पँट धरून उभा होतो. तेव्हा अधिकाऱ्याने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दीनानाथ यांना विचारले, "आपण यांच्याबरोबर आहात का?"

दीनानाथ म्हणाले, "नो. आय डोन्ट नो धिस जंटलमन."

अधिकाऱ्याने हा प्रश्न फक्त त्यांनाच विचारला. कारण ते माझ्या सर्वांत जवळ उभे होते. ही गोष्ट या अर्जाच्या दृष्टीने महत्त्वाची असल्याने आपण ती कृपया ध्यानात ठेवावी.

५. मला आत नेण्यात आले. तेथे मी अखेरीस सर्व खरे सांगितले. अधिकारी सभ्य होते, पण त्यांना त्या काठ्यांचे कारण पटत नव्हते. शेवटी क्लबच्या चिटणिसांना फोन लावला, त्यांनी समजावले, तेव्हा एक अधिकारी हसला आणि मला सोडले. काठ्या त्यांनी ठेवून घेतल्या. मी बाहेर आलो तेव्हा दिवे लागले होते, आणि मंडळाचा कोच निघून गेला होता. मंडळींना भूक लागली होती, ड्रायव्हरची वेळ संपत आली होती, हे मला मान्य आहे. कोचमध्ये मोजणी झाली तेव्हा दोन माणसे कमी भरली आणि "ते दोघं ट्रेननं येतील" असे ठरले, हेही मला नंतर कळले.

बाहेरच्या बाकावर दीनानाथ बसले होते. पायाशी त्यांची बॅग होती, आणि माझी मोकळी करून परत दिलेली बॅग त्यांनी माझ्या हातून घेऊन तिच्याशेजारी ठेवली. मला ओळखत नाही म्हणणारा हा माझा मित्र, सर्व सहलीतला एकटा, माझ्यासाठी थांबला होता. त्यांनी माझ्यासाठी घेतलेला चहा गार झाला होता. ट्रेनमध्ये ते एकदाच बोलले. "तोंडातून निघून गेलं रे." मी "असू दे" म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहिले. मला तेव्हा त्यांच्याकडे बघायला हवे होते.

६. त्यानंतर गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. मला सहानुभूती मिळाली. कोणी चकल्या आणून दिल्या, कोणी फोन केला. आणि प्रत्येक फोनवर दीनानाथ यांचा विषय निघाला. एवढा जुना स्नेही, आणि असा उलटला! मी "नाही हो, तसं काही नाही" एवढेच म्हणत राहिलो. ते थांबले होते, हे मी कोणालाही सांगितले नाही. त्यांच्या नकाराने मी दुखावलो होतो, आणि लोक माझ्या बाजूने बोलत होते ते मला बरे वाटत होते. ग्लासगोहून माझी मुलगी मंजिरी फोनवर म्हणाली, "बाबा, दीनाकाकाचा फॉल्ट नाही ना. तू टोमॅटो का म्हणाला? इट्स अ हॉबी, त्याच्यात काय लपवायचा?" तिचे मराठी असे असले तरी मुद्दा बिनचूक होता. मी विषय बदलला.

दिवाळी कार्यक्रमात तरुण सभासदांनी जे प्रहसन केले, त्यात एक जण कुत्रा झाला होता, एक मी. तिसऱ्याने दीनानाथ यांच्यासारखा मफलर गुंडाळून, छाती काढून म्हटले, "आय डोन्ट नो धिस जंटलमन!" सभागृह हसून लोटपोट झाले. मुलांचा हेतू वाईट नव्हता. महोदया, मी पहिल्या रांगेत होतो, आणि मीही हसलो. मोठ्याने हसलो. हसता हसता मागे वळलो तर दीनानाथ चहाच्या टेबलापाशी कपांची रांग लावत उभे होते. त्यांनी हातातला कप खाली ठेवला, कोट घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी राजीनामा आपल्या हाती आला. कारण त्यांनी "प्रकृती" असे दिले आहे. त्यांच्या प्रकृतीला काहीही झालेले नाही.

७. मी त्यांच्या घरी गेलो. दार सुचेतावहिनींनी उघडले. गुडघ्यामुळे त्या सहलीला आल्या नव्हत्या, त्यामुळे जे घडले ते त्यांना दुसऱ्यांकडूनच कळले होते. "वर आहेत, पण येणार नाहीत खाली," त्या म्हणाल्या. "भाऊजी, हे रात्री नीट जेवत नाहीत. तुम्ही तरी सांगायचं होतं लोकांना." मी जिन्याखाली उभा राहून बोलत राहिलो. दीनानाथ, विमानतळावरचे मी केव्हाच विसरलो, मनात ठेवू नका, असे बरेच काही. बऱ्याच वेळाने वरून आवाज आला.

"विमानतळावर मी घाबरलो होतो, शशी. तू कशाला घाबरून हसलास?"

  घरी येऊन मी कस्तुरीला सर्व सांगितले. ती म्हणाली, "अहो, आधी काठ्यांची लाज वाटली, मग मित्राची. आता निदान लाज वाटण्यासारखंच केलंय, त्याची तरी वाटू द्या." म्हणून हा अर्ज.

८. सबब माझी विनंती खालीलप्रमाणे:

श्री. दीनानाथ कर्णिक यांचा राजीनामा स्वीकारू नये. समितीला तो स्वीकारणे आवश्यक वाटत असल्यास त्याचे कारण "प्रकृती" असे न लिहिता खरे लिहावे, म्हणजे काय लिहायचे हे समितीला एकत्र बसून ठरवावे लागेल. ज्याला प्रश्न विचारला गेला तो एकटा चुकला, आणि ज्यांना विचारलाच नाही ते सर्व बरोबर ठरले, असे इतिवृत्तात नोंदवायचे असेल तर तसे नोंदवावे. अधिकाऱ्याने रांगेत पुढे जाऊन आणखी दोघातिघांना विचारले असते तर काय उत्तरे आली असती, हे मी सांगू शकत नाही. मला विचारले असते आणि पकडलेले दीनानाथ असते, तर मी काय म्हणालो असतो, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपणही त्या कोचमध्ये होता, हे अत्यंत नम्रपणे निदर्शनास आणतो. यात आरोप नाही. माझ्यासाठी कोणी थांबावे अशी माझी अपेक्षा नव्हती. म्हणूनच जो थांबला त्याला आपण घालवू नये.

तसेच येत्या सर्वसाधारण सभेत मला बोलण्याची परवानगी द्यावी. मला सभेत बोलण्याची सवय नाही, त्यामुळे थोडे अडखळेन. सप्टेंबरपासून जे सांगायचे राहिले ते सर्वांसमोर सांगेन, काठ्यांसकट. कोणाला हसायचे असल्यास माझ्यावर हसावे. ही परवानगी नाकारल्यास माझे सभासदत्व त्याच दिवसापासून रद्द समजावे. मग खुर्च्यांची व्यवस्था समितीने अन्य कोणाकडे सोपवावी.

९. हा मसुदा दीनानाथ यांच्या संमतीवाचून पाठवणे मला योग्य वाटले नाही. काल तो घेऊन पुन्हा त्यांच्याकडे गेलो. या वेळी ते खाली आले. स्वयंपाकघराच्या टेबलाशी चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. मी समोर बसून टेबलक्लॉथची फुले बघत होतो. मग त्यांनी पेन मागितले. "अध्यक्षा बाई आहेत. वर 'महोदय' लिहिलंयस ते 'महोदया' कर," ते म्हणाले. 'इतिवृत्त' मी चुकीचे लिहिले होते, तेही त्यांनी सुधारले. सभेत बोलण्याची विनंती आधी लेखी द्यावी लागते, तेव्हा हा अर्ज उद्याच द्यायला हवा, हेही सांगितले. मी विचारले, राजीनामा मागे घ्याल का? "ते आता समिती बघेल," ते म्हणाले. वहिनींनी जेवायला थांबा म्हटले. मी थांबलो. भात त्यांनी दोनदा घेतला.

आपण वडीलकीच्या नात्याने योग्य तो निर्णय घ्याल, ही खात्री आहे. या अर्जात कोणाचे मन दुखावणारे काही आले असल्यास तो दोष माझ्या मराठीचा समजावा.

आपला नम्र सभासद,

शशिकांत खांबेटे

सोबत: अलिकांतेच्या गावात घेतलेला एक फोटो. डावीकडे कानांवर हात ठेवलेले श्री. कर्णिक.

(कार्यालयीन नोंद)

अर्ज आज समक्ष मिळाला, आवक केला. परिच्छेद ५ मध्ये अर्जदाराने 'मित्र' हा शब्द लिहून मग खोडला होता. तो मी पुन्हा घातला आहे. अध्यक्षांनी तो तसाच राहू द्यावा.

दी. कर्णिक
कार्यवाह (राजीनामा विचाराधीन)