दिवेलागणीनंतरची वाट

प्रिय बाबा,

काल संध्याकाळी मी चपला घातल्या आणि दादा दारात आडवा झाला. "कुठं चालली? बाबाची माती अजून ओली हाये!" त्याच्याशी भांडून झालं. आता तुमच्याशी भांडायचंय, म्हणून हे पत्र.

सालदार होतात तोवर पाटलाच्या गल्लीतून तुम्ही डोक्यावर ओझं घेऊनच गेलात. मंडल ऑफिसात अटेंडर, म्हणजे साहेबाचे शिपाई, झालात आणि पहिल्याच संध्याकाळी निघालात, हात पाठीमागे बांधून, सावकाश, काहीही काम नसताना! तशी चाल फक्त मालकाची असते, हे ठाऊक नव्हतं का तुम्हाला?

ओट्यावरून पाटील ओरडले, "काऊन रे, काय हरपलं?"

"काई नाही, मालक. फिरून राह्यलो."

आणि मग रोज फिरलात.

मी हे तुमचं बंड म्हणून बुद्धवाड्यातल्या सभेत गर्जून सांगितलं, तर घरी येऊन म्हणालात, "पोरी, म्या मोर्चा नाही काढत. दिवसभर साहेबाची घंटी कानात वाजते. कापसाच्या वावरापाशी गेलो का थांबते." किती चिडले होते मी! आज म्हणते, ज्याला जन्मभर कुणीतरी हाक मारून कामाला लावलं, त्याला घटकाभर कुणीच हाक न मारणं, हाही हक्कच आहे.

पण मग मला का नाही, बाबा? नार्नूरच्या शाळेत दिवसभर शिकवते, तिथला गलका माझ्याही डोक्यात घुमतो. सोबत येते म्हटलं, तर "नको, एकट्यालेच बरं वाटते." एकटी निघाले, तर "दिवे लागले, घरात चाल. लोक काय म्हनतीन?" पाटलाला न भ्यालेला माझा बाप लोकांच्या जिभेला भ्याला!

काल दादा म्हणाला, "निदान मले तरी संगं ने." मी म्हटलं, नाही.

तेव्हा चुलीपुढून आई बोलली. आयुष्यभर तुमची वाट पाहत भाकरी झाकून ठेवणारी आई! "सरक बाजूले. तुह्या बापाले कोनं अडवलं होतं?"

मी गेले. बुद्धवाड्यातल्या आपल्याच माणसांनी माना वळवून पाहिलं. डोक्यात प्रत्येकासाठी उत्तर तयार होत होतं. गाव मागं पडलं आणि ते भाषण आपोआप थांबलं. तुम्ही कशासाठी जात होतात, ते तिथं कळलं.

आजही निघतेय. उद्याही निघेन. कुणी अडवलं तर भांडेन आणि भांडून झाल्यावर चालेन. पण एक शब्द देते, बाबा. या चालण्यावर कुठल्याही सभेत बोलणार नाही. हे माझं आहे.

तुमचं न ऐकणारी,
सुमन