टोरंटो ते चिकलठाणा : चोवीस तास

३ मार्च, मंगळवार

डॉक्टर म्हणाला, सरूच्या हृदयाची झडप बदलावी लागेल. सोळा तारखेला ऑपरेशन. वर विचारतो, "मुलगा कुठं असतो?" टोरंटो म्हटलं की सगळे माझ्याकडं बघतात. त्या नावाचा वीट आलाय.

वरच्या मजल्यावरच्या तनुजाला मोबाईलवर अंतर बघायला लावलं. म्हणते, "आजोबा, दिल्लीपर्यंत साडेअकरा हजार किलोमीटर. फक्त चौदा तास." फक्त म्हणे! तीस वर्षं एसटी चालवली मी. किलोमीटर काय विचारता, थांबे विचारा. विमानतळावर आधी तीन तास, दिल्लीला पाच तास थांबा, पुढं आपल्या चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत दोन. झाले चोवीस. मी सातवी शिकलेला, ती कॉलेजात.

५ मार्च

दुपारी एकला सत्यमचा व्हिडिओ फोन. मागं पडदे ओढलेले, तोंडात घास. तिथं रात्रीचे अडीच — या वेळेला कोण जेवतं? म्हणाला, "कामावरून उशिरा सुटलो, तात्या." आईच्या ऑपरेशनला येतोस का विचारलं, तर "बघतो." सरूनं फोनच ओढून घेतला. "त्याच्या लई मागं लागू नका." माझ्याच घरात मी गुन्हेगार.

वाळूजची कायम नोकरी सोडून गेला तो. विमानतळाच्या दारातच सांगितलं होतं — हात हलवत परत आलास तर दार उघडणार नाही. आजही तेच सांगेन.

६ मार्च

झोप नाही. सरूची धाप ऐकत पडलो.

८ मार्च

शेजारचा सोमनाथ ओट्यावरून टोमणे मारतो. "तात्या, कॅनडावाला येतो का नाय? का फोनवरच आईची सेवा?" याचा पोरगा बजाजनगरला, अर्ध्या तासाच्या रस्त्यावर. होळीला फिरकला नाही. आणि तोंड माझ्याकडं.

१० मार्च, सकाळ

पहाटे सरूला श्वास घेता येईना. रिक्षानं दवाखान्यात आणलं. ऑपरेशन आजच, दुपारी. सहा वाजता सत्यमला फोन केला. म्हटलं, "आता निघालास तरी उद्या पोचशील. तुझा उपयोग काय? राहा तिकडंच." त्यानं फोन ठेवला.

१० मार्च, संध्याकाळ

साडेअकराला आला. खांद्याला एक पिशवी, पायात चपला. सरूनं त्याच्या गालाला हात लावला. नवल तिला अजिबात वाटलं नाही.

सहा ते साडेअकरा. साडेपाच तास. हा रस्ता मी ओळखतो — नगरचा थांबा धरून पुणं तेवढंच आहे.

तिला आत नेल्यावर बाकावर शेजारी बसलो. विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून. नोकरी गेली, तात्या."

"आईला ठाऊक होतं?"

"व्हय."

साडेपाच तासांवर बसला होता, आणि यायला साडेचार महिने लागले. थोबाडीत द्यावी वाटली. मग ते दार आठवलं. माझंच बोलणं.

११ मार्च

सरू शुद्धीवर आली. सत्यमला घराची किल्ली देऊन अंघोळीला पाठवलं. तेवढ्यात सोमनाथ आला. "काल सकाळी फोन केला म्हणता. एवढ्या लवकर कसा पोचला?"

म्हटलं, "थेट विमान होतं."