कुणाच्या हातून?

सोमवार, ४ मार्च

आज लॅबमध्ये नुसता कहर! दोन रिपोर्ट एकमेकांच्या नावावर गेले. एक पोस्टमन, गुडघे दुखतात म्हणून आलेला. दुखण्याच्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं. दिवसभर सायकल मारणारा गडी, दंड हे एवढे — आणि त्याच्या नावावर किडनी बिघडल्याचे आकडे! दुसरे हाडांच्या वॉर्डातले आजोबा. खुबा मोडून आडवे, वाळून काडी झालेले, आणि त्यांचे आकडे विशीतल्या पोरासारखे. लॅबच्या मोठ्या मॅडमनी दोघांना एकदा बघितलं. "आंधळ्यालाही कळेल!" म्हणाल्या. रिपोर्ट तिथल्या तिथे बदलले, सही ठोकली, पोस्टमनला सॉरी म्हणून गोळ्यांसाठी मोकळं केलं.

ड्यूटीवर घड्याळबाई. ठोक्याला सातला हजर असते म्हणून सगळे तिला तेच म्हणतात. मॅडमनी तिला सगळ्यांदेखत झापलं. ती आपली एवढंच म्हणत होती, "मी नावं दोनदा वाचली होती हो." मागच्या वर्षी एक मेमो मिळालाय तिला. दुसरा मिळाला की नोकरी गेली. घरात कमावणारी ती एकटीच.

मंगळवार, ५ मार्च

चौकशी समितीत मला घेतलंय. बरंच झालं! कुणी कसा मुद्दा रचलाय ते उसवून बघायला मला जाम आवडतं. माझी रीत साधी. कुणी "अमुक झालं, म्हणजे तमुकच" असं ठणकावलं की मी मध्ये बोट घालते — न बोलता काय धरून चाललायस बाबा?

मॅडमचं म्हणणं: त्या वेळी लॅबमध्ये ती एकटी होती, म्हणजे चूक तिचीच. वा! चूक लॅबमध्येच झाली हे गुपचूप धरून टाकलंय की. नळी भरते हाडांच्या वॉर्डात, पोस्टमनसारख्या बाहेरच्यांचीही; लेबल लागतं तिथे, वर आणणारा वेगळा, मग मशीन, मग कॉम्प्युटर. आपल्या दारात सापडली म्हणजे आपल्याच घरात झाली होय?

मी म्हटलं, नळ्या पुन्हा मशीनला लावून काही उपयोग नाही. लेबलंच चुकली असतील तर तेच आकडे येणार. हे मॅडमनाही पटलं. त्यांना माझं काहीतरी पटलं, हेही काही थोडं नाही.

जेवताना हे म्हणाले, "दूध नासलं, फ्रीज गेला वाटतं." मी विचारलं, दूध फ्रीजमध्ये होतं कशावरून? दिवसभर ओट्यावर तर होतं! "तुझ्याशी बोलायला वकील लावावा लागेल," म्हणे. लावा की!

बुधवार, ६ मार्च

घड्याळबाई डबा न उघडता बसून होती. माझं टाळकंच सटकलं. हिला जाऊ देणार नाही म्हणजे नाही.

शुक्रवार, ८ मार्च

वॉर्डात जाऊन आले. बदललेल्या रिपोर्टमुळे आजोबांचं मीठ बंद, पाणीसुद्धा मोजून. माझा पांढरा कोट बघून भडकलेच — "हाड मोडलंय माझं, जीभ नाही!" मला हसू आवरेना. मग नर्सला गोडीत घेतलं. गर्दी असली की लेबलं रिकाम्या नळ्यांवर आधीच चिकटवून ठेवतात, हे तिनं कबूल केलं. हुकमाचा पत्ताच मिळाला!

घड्याळबाईला जिन्यात गाठून सांगितलं. घोटाळा वॉर्डात झाला असणार, तू निर्धास्त राहा. तिला आनंद झालेला दिसला नाही. म्हणाली, "ताई, पण मला वाटत नाही काही घोटाळा झालाय." घाबरली आहे बिचारी. मी म्हटलं, तू डोकं शिणवू नकोस, ते माझ्यावर सोड.

शनिवार, ९ मार्च

जिंकलो!!

मॅडम म्हणाल्या, "तिच्याशिवाय दुसरं कोण होतं तिथे?" मी नळी भरण्यापासून वर आणण्यापर्यंतची सरळ चार नावं मोजून दाखवली. नंतर त्यांनी मेमोचं काढलं, की एकदा चुकली ती पुन्हा चुकणारच. मी म्हटलं, मग मागच्या महिन्यात तुम्ही गाडी खांबाला घासलीत, या आवारातल्या प्रत्येक गाडीच्या पोच्याचा जाब तुम्हाला विचारायचा का? सुपरिंटेंडेंट खो-खो हसले. निर्णय: पुरावा नाही, मेमो नाही. लेबलांसाठी वॉर्डाला समज.

घड्याळबाईनं माझे हात धरले. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं छान वाटलं नव्हतं. येताना एकटीच आइस्क्रीम खाऊन आले!

सोमवार, ११ मार्च

फाइल बंद करायची होती. दोघांचे नवे आकडे जोडले की कशी नीटनेटकी दिसेल! आजोबांचं रक्त मागवलं. पोस्टमन योगायोगानं आणखी गोळ्या न्यायला आला होता. गुडघे एकदम झकास म्हणे. चपला तेवढ्या घट्ट होतायत, म्हणाला. मी म्हटलं, नव्या असतील, बदलून घ्या. हसत हसत हात पुढे केला त्यानं.

मंगळवार, १२ मार्च

आकडे आले. आजोबांची किडनी ठणठणीत. पोस्टमनची पहिल्या रिपोर्टपेक्षाही वाईट — आणि आठ दिवस आम्ही त्याला नेमक्या त्याच गोळ्या चारतोय, ज्या किडनी बिघडलेल्याला देऊ नयेत म्हणून ती तपासणी होती.

अदलाबदल झालीच नव्हती. कुणी केली यावर आम्ही आठवडाभर भांडलो. मी सगळ्यांत हिरीरीनं.

तो फोन उचलत नाही, टपाल वाटायला बाहेर पडलाय. घड्याळबाई आणि मी त्याला शोधायला निघालोय.