भोकाला तोंड दिलं त्याची हकिगत

कळंब, १२ जून १९५८

तीर्थरूप हरिसिंगमामांना भाचा प्रेमसिंगचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमचा खोकला थांबला का आणि म्हैस व्याली का, दोन्ही कळवावं.

तुमच्या भाचीचं, सुखीचं, लग्न चांगलं पार पडलं. रजा मिळाली नाही म्हणून तुम्ही वणीलाच अडकलात, तेव्हा सविस्तर लिहितो. आपल्या तांड्यापासून विहीर लांब. म्हणून बापूंनी लोखंडी टाकी भरून बैलगाडीवर आणली. मी (ओव्हरसियरचं शिकतोय ना) तिला बुडाजवळ इंचभर भोक पाडून बूच बसवलं आणि हिशेब केला : वर तीन फूट पाणी, म्हणजे धारेचा वेग सेकंदाला चौदा फूट, म्हणजे सहा मोजेपर्यंत घागर भरणार. बापूंनी हे वरातीतल्या प्रत्येकाला सांगितलं. दोनदा.

बूच काढलं. घागर मी भोकाखालीच ठेवली होती. धार तिला ओलांडून थेट नवरदेवाचे काका डोंगरसिंग यांच्या नव्या धोतरावर गेली. (वेग बरोबर निघाला, हे त्या वेळी कोणाला सांगणार?) घागर पुढे सरकवली, तर ओलेत्या डोंगरसिंगांनी स्वतः मोजायला घेतलं. दहा झाले तेव्हा ती भरली.

"इंजिनेर, सहाचे दहा काहून झाले?" त्यांनी विचारलं. वऱ्हाडी हसले. बापू जमिनीकडे बघत राहिले, ते मला बघवलं नाही.

तेवढ्यात भात रांधणाऱ्या जमनाकाकू आल्या. "भोकाले तोंड दे ना रे. नुसते आकडे कायले मोजून राह्यला?" म्हणत त्यांनी तीन बोटं लांब वेळूची नळी भोकात ठोकली. (अशी नळी त्या एरवी मोहाच्या कोणत्या हंड्याला लावतात, ते विचारू नका.) मी म्हटलं, नळीनं पाणी अडेल. डोंगरसिंगांनी पुन्हा मोजलं. आठात घागर भरली.

संध्याकाळी पुस्तक उघडलं. नुसत्या भोकातून निघताना धार आकसते, म्हणून पाणी हिशेबापेक्षा कमी येतं. आखूड नळी लावली की जास्त येतं. सगळं पुढच्याच पानावर होतं. काकूंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "छापलं का? बरं झालं."

डोंगरसिंग जाताना नळीचं माप घेऊन गेले. बापू खूश आहेत.

आपला,
प्रेमसिंग

ता. क. पत्र बापूंना वाचून दाखवलं. ठीक आहे म्हणाले.

ता. क. २. हे त्यानंतर लिहितोय. निकाल लागला. पाण्याच्याच पेपरात नापास झालो, ऑक्टोबरात पुन्हा बसायचं आहे. एवढं तुम्ही येऊन बापूंना सांगावं. कोणत्या दिवशी येणार ते आधी कळवा, म्हणजे त्या दिवशी मी यवतमाळला जाईन.